सुकटगल्लीला चार

चैत्रालीने नकाशा माझ्याकडे वळवला, पेन्सिलीचं टोक मधोमध टेकवलं आणि म्हणाली, “बाई, रागावू नका, पण तुम्ही रस्त्यांना दिलेले हे मार्क रहदारीचे नाहीयेत. दुसऱ्याच कशाचे तरी आहेत.” हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. तेवीस वर्षं मी महाडात भूगोल शिकवते आहे, म्हणजे तेवीस वर्षं मार्क देते आहे. आणि ही माझीच एके काळची विद्यार्थिनी, सातवीत सह्याद्रीचा डोंगर नदीच्या भलत्या बाजूला काढला म्हणून जिला मी चाळीसातले एकोणीस दिले होते, ती माझ्याच स्वयंपाकघरात माझीच भजी खात मला सांगत होती की तुमची तपासणी चुकली. दुसरं कुणी असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण राग यायच्या आधी दुसरंच काही आलं, आणि ते गेले चार दिवस गेलेलं नाही. रहदारीचे नाहीत, तर मग कशाचे?

चैत्राली पुण्यात नगररचना शिकते. लहान गावांचे रस्ते सायकलला कितपत मानवतील, हा तिचा विषय. मोठ्या शहरांचं सगळ्यांनी करून झालंय म्हणून तिने आपलं गाव घेतलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. रस्त्यांचे नाक्यापासून नाक्यापर्यंत तुकडे पाडायचे आणि दर तुकड्याला एक ते चार असा ताणाचा अंक द्यायचा. एक म्हणजे दहा-बारा वर्षांचं मूल त्यावरून सायकलने एकटं जाईल आणि घरच्यांच्या पोटात गोळा येणार नाही. चार म्हणजे ज्याला घरी परतायची काही घाई नाही त्याने जावं. आणि वर एक नियम, जो मला ऐकताक्षणी पटला: अख्ख्या वाटेचा अंक म्हणजे तिच्यातल्या सगळ्यांत वाईट तुकड्याचा अंक. सरासरी काढायची नाही. दोन किलोमीटर रस्ता झाडून-पुसून ठेवलेला असो, मध्ये पन्नास पावलं चारची लागली की सगळी वाट चारची. आईच्या जातीला हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. रस्त्यांची रुंदी, वळणं, गाड्यांचा वेग हे सगळं तिच्या संगणकात होतंच, तिला हवं होतं गावातल्या माणसाचं मत. “तुम्ही नुसतं चालत जा आणि मनाला विचारा,” असं ती म्हणाली होती. मी दोन रविवार सकाळी डोक्यावर पदर घेऊन एक्केचाळीस तुकडे चालले आणि प्रत्येक ठिकाणी उभी राहून मनाला विचारलं. आता ही म्हणत होती की मनाने भलत्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलंय.

हे चैत्रालीच्या अभ्यासापुरतंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या अंकांवर माझ्या मुलीची सायकल अडकली होती. ईरा बारा वर्षांची आहे, सातवीत. तिची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. सध्या ती सहा मुलं कोंबलेल्या रिक्षातून जाते, एक पाय बाहेर. दिवाळीला रितेशमामाने मुंबईहून तिला निळी सायकल आणली आणि ती सायकल त्याच दिवशी जिन्याने वर गेली. आमच्याकडे मोलाची वस्तू तळमजल्यावर ठेवत नाहीत. एकवीस सालच्या पुरानंतर आम्ही वर मजला चढवला आणि स्वयंपाकघरच तिथे नेलं, खाली फक्त चपला, केरसुण्या आणि जुनी रद्दी. तर सायकल गच्चीवर, आणि ईरा रोज संध्याकाळी वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून इंग्रजी आठ काढत फिरते. तीन महिन्यांत गच्चीच्या लादीवर टायरचा काळा आठ उमटला आहे, कितीही घासला तरी निघत नाही. शाळेत सायकलने जाऊ का, हे तिने मला किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही. मी प्रत्येक वेळी बघू म्हणाले. शेवटी चैत्रालीचं काम आलं तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं: आता आई नाही आणि ईरा नाही, नकाशा म्हणेल ते. घर ते शाळा वाट दोनपर्यंत आली तर जायचं, नाहीतर नववीपर्यंत हा विषय काढायचा नाही. वाट चारची आली. सुकटगल्लीने आणली. ईराने तो आकडा पाहिला, “बरं” म्हणाली, आणि गच्चीवर जाऊन सायकलच्या हँडलवर ओला टॉवेल वाळत घातला. रडली असती तर बरं झालं असतं. तो टॉवेल बघून मला शब्द मागे घ्यावासा वाटला, पण मी शब्दाला पक्की आहे असा माझा लौकिक आहे आणि मला तो मिरवायची खोड आहे.

“हा बघा वरचा नाका,” चैत्राली म्हणाली. “औद्योगिक वसाहतीच्या सगळ्या बसेस इथून वळतात. पाळी सुटते तेव्हा पंधरा मिनिटांत अकरा बसेस मोजल्या आमच्या मुलांनी, दुचाक्यांची तर रांगच. याला तुम्ही एक दिलाय. आणि सुकटगल्ली, जिथे पंधरा मिनिटांत सात दुचाक्या आणि एक हातगाडी, तिला चार. बाई, वरच्या नाक्यावरून तुम्ही ईराला एकटीला सोडाल?” मी अक्षर पाहिलं. माझंच होतं, तो एकचा आकडाही माझाच, वर बारीक टोपी असलेला. माझा नवरा अनिश त्याच बसने रोज कामावर जातो. तो पलीकडून म्हणाला, “मी माझ्या हिमतीवर त्या नाक्यावर रस्ता ओलांडत नाही, मी क्लीनरला हात करायला सांगतो.” चैत्राली हसली. ती शनिवार-रविवार पोलादपूरचे रस्ते मोजायला जाणार होती. नकाशा तिने माझ्याकडेच ठेवला. सोमवारपर्यंत बघा, म्हणाली, काही सापडलं तर सांगा, तोवर तुमचे अंक मी धरतही नाही आणि टाकतही नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तशी मी घरी न जाता पर्समधून नकाशा काढला आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले. भर दुपारी बाई हातात कागद धरून गल्लीगल्लीत थांबते आहे हे बघून लोकांना वाटलं असेल जनगणना आली. माझा पहिला संशय कुत्र्यांवर होता. मला कुत्र्यांचं भय आहे, तेव्हा जिथे कुत्री तिथे जास्त मार्क, असं असेल. पण खाटकाच्या बोळात सात कुत्री पसरली होती आणि त्याला मी दोन दिले होते. दुसरा संशय वशिल्यावर. ज्या गल्लीत माझी मुलं राहतात, दारातून बाई-बाई करतात, त्यांना मी सढळ हाताने एक दिला असणार. हेही जमेना. नदीकडच्या आळीत माझे निदान वीस विद्यार्थी आहेत आणि ती सरसकट चारची. तिसरा संशय रविवारवर. मी रविवारी गेले, रविवारी बसेस कमी, म्हणून वरचा नाका मला गरीब गाय वाटला. इतकं खरं होतं, पण एवढ्याने चाळीस तुकड्यांचं कोडं सुटत नव्हतं. स्वतःच्याच हस्ताक्षरातली उत्तरपत्रिका हातात आहे आणि प्रश्नपत्रिका सापडत नाही, अशी माझी गत झाली. आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल इतकं कुतूहल मला कधी वाटलं नव्हतं.

चवदार तळ्याच्या कठड्याशी सावलीत टेकले. पाणी हिरवट, स्वस्थ होतं. तिथे उगाच आबा आठवले, माझे वडील, दत्ताराम. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, नाचणी आणि भाताची शेती, आणि चौथीनंतरची शाळा खाली पोलादपुरात, पाऊण तासाची पायवाट. मला शाळेत घालायच्या आधी आबा ती वाट एकटेच चालून आले होते. वहाणा काढून, हातात कोयता घेऊन. वाटेवर वाकलेल्या फांद्या तोडत गेले आणि दिवेलागणीला परत येऊन आईला म्हणाले, “वाट बरी हाय. तीन जागी भ्या हाय, पन दोन जागी कोन ना कोन भेटतंय.” ही त्यांची तपासणी. ओढ्यावरचा साकव, म्हणजे दोन ओंडके आणि हाताला एक दोर, तिथे पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका. हैबतीच्या आंब्याखाली मारका बैल बांधलेला, तिथे खुद्द हैबती. आणि शेवटी हमरस्ता. तिथे मात्र त्यांनी मला स्वतः नेऊन उभं केलं. “हितं थांबायचं. गाडी दिसली नाय तरी थांबायचं. धा मोजायचं, मग चालायचं.” सहा वर्षं मी तिथे दहा मोजले. हमरस्ता रिकामा असला तरी मोजायची, मैत्रिणी हसायच्या, मी अकरावर पाऊल टाकायची. आबांनी कधी सरासरी काढली नाही, पण सगळ्यांत वाईट तुकडा दिसला म्हणून वाट बंदही केली नाही. हे त्या कठड्यावर बसून माझ्या प्रथमच लक्षात आलं आणि जरा टोचलं.

उठले, आणि चपलेचा पट्टा सुटला म्हणून एका वाण्याच्या दुकानाच्या भिंतीला हात लावला. हात जिथे पडला त्याच्या वीतभर वर निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ होती, शेजारी एकवीस सालातली तारीख. महाडात अशा रेघा जागोजाग आहेत, आम्हाला त्या दिसेनाशा झाल्या आहेत. ही माझ्या छातीला येत होती. मी नकाशा पाहिला. तीन. काय झालं कुणास ठाऊक, मी पट्टा तसाच फरफटवत पुढच्या गल्लीत गेले. तिथे रेघ नव्हती, पण भिंतीचा रंग एका उंचीपर्यंत फुगून पापुद्रे सुटलेला होता, माझ्या डोक्यापेक्षा हातभर वर. नकाशावर चार. पुढच्या वळणाला उंच जोतं, पाणी गुडघ्याशी थांबलेलं. दोन. देवळाची चढण, जिथे पाणी आलंच नाही. एक. मग मी थांबेचना. डोक्यावर चार, छातीला तीन, गुडघा-मांडी दोन, कोरडं एक. नदीकडची आळी चारची का, खाटकाचा बोळ दोनचा का, सगळं घडाघडा उलगडत गेलं. वरचा नाका तर उघडच होता. त्या दिवशी अर्धं गाव त्या उंचवट्यावर गोळा झालं होतं, माणसं, गुरं, स्कूटर, कुणाची तरी शिलाई मशीन. तिथे पोचल्यावर माझ्या पायाखाली पहिल्यांदा कोरडं डांबर लागलं होतं. तेव्हा मनाला विचारलं तर मन एकच म्हणणार. मला गाड्या दिसल्याच नव्हत्या. मला विचारलं होतं, इथे मूल सुरक्षित आहे का, आणि मी पाणी मोजून दिलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने ही चूक केली नसती. आमच्याकडे खोली भाड्याने बघायला आलेला माणूसदेखील नळाला पाणी किती वेळ येतं ते मागाहून विचारतो, आधी विचारतो भिंतीला किती आलं होतं.

शोध लागल्याच्या आनंदात मी रस्त्यात एकटीच हसले. चिखलाचा तो वास, कपाटातून काढलेल्या ओल्या वह्यांचा, जो आठवड्यांनी गेला असं आम्ही समजत होतो, तो माझ्या मार्कांत बसला होता तर. चाळीस तुकडे बरोबर जुळले. एकच राहिला होता, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला असं आता वाटतं. सुकटगल्ली. नाव कागदावर दुसरंच आहे, पण तीन पिढ्या तिथे सुकी मासळी विकतात म्हणून सुकटगल्ली. आमच्या घराच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि वरच्या नाक्याला चढते. चंद्राबाई नेहमीप्रमाणे आपल्या दाराच्या पायरीवर सुकटीची पाटी घेऊन बसली होती.

“काय वो बाई, घर बघताय काय?”

“नाही गं. पाणी किती आलं होतं इथे?”

“हितं? हितं मांडीभर. ह्या पायरीच्या वर चार बोटं, तवढंच. सुकट वाचली माजी.” तिने चार बोटं आडवी धरून दाखवली. “तुमी पन तवा हितनंच गेल्या होत्या ना, पोरीला घिऊन.”

मांडीभर, म्हणजे माझ्या हिशेबाने दोन. मी दिले होते चार. म्हणजे हा तुकडा रहदारीतही बसत नव्हता आणि पाण्यातही. मी चंद्राबाईकडून नको असताना पाव किलो सुकट घेतली, कारण पायांना तिथून निघायचं नव्हतं आणि उभं राहायला काही कारण हवं होतं. आणि मला माहीत होतं. पायरी पाहिली तेव्हाच माहीत होतं. त्या दिवशी अनिश कारखान्यात अडकला होता, फोन बंद. अजून उजेड होता. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा मी कागदपत्रांची पिशवी डोक्यावर घेतली, डाव्या हातात आठ वर्षांच्या ईराचं मनगट धरलं आणि या गल्लीत शिरले. पाणी मला मांडीपर्यंत, तिला कमरेच्या वर. तपकिरी, थंड, पायांना रेटणारं. मी पुढे, ती मागे. पिशवी घसरली, मी सावरली, आणि कळलं की डावा हात रिकामा आहे. तो रिकामा हात मला अजून आठवतो, ओल्या मनगटाचं गोल माप अजून बोटांत आहे. मी तीन पावलं पुढे आले होते. वळले तर ती या पायरीच्या वरच्या गजाला धरून उभी होती. मी तिला ओढली, उचलली, पिशवी पाण्यात गेली ती गेली. वरच्या नाक्यावर पोचेपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. नंतरही नाही. अनिशला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. लोक म्हणाले, सरोजने पोरीला पाण्यातून काढलं हो. मी मान डोलावली. तीन पावलं मी मुलीशिवाय चालले होते आणि मला पत्ता नव्हता. मला माझी शरम वाटते. साडेचार वर्षं वाटते आहे, आणि मी तिला नाव दिलं नाही, मार्क दिले. चार.

घरी येऊन आबांना फोन लावला. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यांनी आधी भात झोडून झाला का ते सांगितलं, मग आईच्या गुडघ्याचं. मग मी म्हणाले, “आबा, त्या साकवाची तुम्हाला भीती वाटायची ना? मग मला कसं पाठवलंत?”

“वाटायची तर. तू शाळंतनं परत येस्तवर मी बांधावर बसून ऱ्हायाचो.” मधेच ते आईला ‘आलो’ म्हणाले. “पन सरू गो, भ्या मला व्हतं. तुला कुटं व्हतं?”

रविवारी सकाळी गच्चीवर गेले. ईरा सायकलवर नव्हती, नुसती लादीवर बसून चेन पुसत होती. टॉवेल अजून हँडलवरच होता. मी शेजारी बसले आणि आजवर पालकसभेत कुणाही आईला सांगितलं नसेल अशा आवाजात सांगितलं की माझे मार्क चुकलेत. सगळ्या गावाला मी पुराचे मार्क दिले, आणि सुकटगल्लीला पुराचेही नाहीत.

“तिथे हात सुटला होता म्हणून ना?” तिने चेनवरून मान वर केली नाही.

“तुला आठवतं?”

“आठवतं म्हणजे काय. आठ वर्षांची होते मी.”

मी मनाशी जुळवलेली वाक्यं म्हणायला लागले, की पिशवी घसरली, मला कळलंच नाही, मी हात सोडायला नको होता. ती ऐकत राहिली आणि मग जरा वैतागून म्हणाली, “आई, तू नाही सोडलास. मी सोडला. जोरात पिळून काढला.”

“का?”

“मला बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“पाणी कुठे चाललंय ते. मधे तुझी पाठ होती, मला काहीच दिसत नव्हतं.”

थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच सांगते, हात उचललाही गेला असेल थोडा. साडेचार वर्षं मी त्या पायरीपाशी उभी होते आणि हिने मला तिथे ठेवून दिलं होतं, चेन पुसत. “इतकी वर्षं बोलली का नाहीस?” तर म्हणे, तू विचारलं नाहीस, आणि मला वाटलं तू रागावशील. रागावलेच होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि राग जात नव्हता आणि आतून काहीतरी इतकं मोकळं झालं होतं की मला शिंक यावी तसं हसू आलं. आणि मग, काय करणार, माझाही स्वभाव तोच. मी नाक पुसलं आणि विचारलं, “मग? कुठे चाललं होतं पाणी?”

“उलटं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने चेन खाली ठेवली. “गल्लीचा उतार आपल्या घराकडे आहे ना? नेहमी पाणी नाक्याकडून खाली येतं. त्या दिवशी खालून वर चढत होतं. एक चप्पल होती, ती चढावर चालली होती. एकटीच.” भूगोलाची बाई मी. नदी फुगली की गावात उलटी शिरते हे दर वर्षी फळ्यावर काढते. त्यातून मांडीभर पाण्यात चालत होते आणि मला दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते हिला.

सोमवारी चैत्राली आली. मी नकाशा तिच्यापुढे ठेवला आणि कशाचे मार्क आहेत ते सांगितलं. सुकटगल्लीचं मात्र नुसतं एवढंच म्हणाले की तो माझा घरगुती आकडा आहे, खोडून टाक. तिने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, “बाई, हा पुराचा नकाशा मी टाकणार नाही. हा वेगळा जोडणार.” मग आम्ही तिघी बसलो आणि वाट नव्याने मांडली. सुकटगल्ली: एक. शाळेसमोरचा रस्ता: दोन. आणि वरचा नाका, जो मी डोळे झाकून एकचा केला होता, तो सकाळी पावणेअकराला तीन आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी, बसेस परतताना, चार. नियम तो नियम. सगळी वाट पुन्हा चारचीच झाली. आता हा चार खोटा नव्हता, बसेसचा होता. मी ईराकडे बघायचं टाळलं.

“मी तिथे उतरेन,” ईरा म्हणाली. “सायकल ढकलत ओलांडेन. चालणाऱ्याला तुमचा अंक नसतो ना?”

चैत्रालीने पेन्सिल हनुवटीला लावली. “नसतो. पण फॉर्ममध्ये उतरण्याची चौकट नाहीये.”

“मग काढ,” मी म्हणाले, आणि ती काढायच्या आधी मीच तिच्या हातून पेन्सिल घेऊन नाक्याच्या शेजारी समासात एक चौकट काढली, आत लिहिलं: उतरून, दहा मोजून. ईरा म्हणाली, “दहा कशाला, सिग्नल तर नाहीये तिथे.” मी म्हणाले, गाडी दिसली नाही तरी दहा. आबांना सांगेन नाहीतर. त्या संध्याकाळी सायकल जिन्याने खाली आली आणि रात्रभर तळमजल्यावर, चपलांच्या शेजारी उभी राहिली. दोनदा उठून मी जिन्यावरून वाकून बघितली.

मंगळवारी मी पहिले दोन तास रजा टाकली. चैत्रालीकडून मोजणीचा कोरा कागद मागून घेतला होता: दुचाकी, रिक्षा, टेम्पो, हातगाडी, सायकल, असे रकाने, आणि दर पाच मिनिटांना एक ओळ. खरं तर मला नाक्यावर उभं राहायला हवं होतं, भीतीची जागा आता तिथे होती. पण नाक्यावर ती उतरणार होती, दहा मोजणार होती, आणि तिथे अनिश सुट्टी घेऊन पानाच्या टपरीआड लपून उभा राहणार होता असा मला दाट संशय होता. मी सुकटगल्लीत चंद्राबाईच्या पायरीवर बसले. तिने काय लिहिताय विचारलं, मी म्हणाले गाड्या मोजते. “हितं कसल्या गाड्या,” ती म्हणाली आणि सुकटीवरच्या माश्या वारू लागली. दहा तीस ते दहा पस्तीस: दुचाकी दोन. दहा पस्तीस ते चाळीस: दुचाकी एक, हातगाडी एक. गल्ली इतकी शांत होती की खालच्या कोपऱ्यावर चेन उतारावरून चढाला लागल्याचा आवाज मला आधी ऐकू आला. मग निळं चाक दिसलं. दप्तर पाठीला, वेणीची रिबीन सुटलेली, चढ म्हणून ती उभी राहून पेडल मारत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, पुढे बघत होती. मधे कुणाची पाठ नव्हती. पायरीपाशी आली, बरोबर त्या गजापाशी, आणि तिने डावा हात हँडलवरून सोडला. मला हात करायला नाही. नुसताच बाजूला धरला, पंजा उघडा, वाऱ्यात. माझी बोटं आपोआप मिटली, मनगटाचं ते माप घेऊन. एक पाऊल, दोन, तीन, मी मोजली. चाक जरा डगमगलं, सरळ झालं, ती पुढे गेली, नाक्याच्या उजेडात शिरली. चंद्राबाई म्हणाली, “पोर तुमची ना ती?” मी हो म्हणाले. मग कागद गुडघ्यावर सरळ केला आणि सायकलच्या रकान्यात, जिथे सकाळपासून काहीच नव्हतं, एक लिहिला.